कोळशाचे काप करणारी मावशी

माझी मावशी कोळशाच्या खाणीवर एकतीस वर्षं नोकरीला होती, पण खाणीत ती एकदाही उतरली नाही. तिचं सगळं काम जमिनीवर, तीन खिडक्यांच्या एका लांबट खोलीत. तिथे उंच स्टुलावर बसून तिने कोळसा इतका पातळ घासला की त्यातून उजेड आरपार गेला. आमच्या घरी तिचा विषय निघाला की माझी आई, म्हणजे तिची धाकटी बहीण, अजूनही अभिमानाने जरा ताठ होऊन बसते.

हे सगळं घडलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी ते मावशीकडून आणि तिच्या नवऱ्याकडून, म्हणजे काकांकडून, तुकड्यातुकड्याने ऐकलंय. दोघांचं जिथे जुळत नाही तिथे मी मावशीचं खरं धरलंय. काकांचीही त्याला हरकत नव्हती.

माझे आजोबा चष्म्याच्या काचा घासायचे. दुकान म्हणजे दहा फूट लांब, सहा फूट रुंद खोली. पुढे गिऱ्हाईक, मागे पडद्याआड घासायचं बाक. मावशी बारा वर्षांची असल्यापासून त्या बाकावर बसायची. काच डांबराच्या गोळ्यात पक्की बसवायची, लोखंडी तव्यावर कुरुंदाची भुकटी आणि पाणी घालायचं आणि काच फिरवत राहायची. आधी जाड भुकटी, मग बारीक, मग त्याहून बारीक. आजोबा पाठ करून बसलेले असायचे. "पूड संपली बघ," असं ते न बघताच म्हणायचे. पूड संपली की आवाज कोरडा होतो, तो त्यांना कळायचा. दोन वर्षांत तो मावशीलाही कळायला लागला. "बोटं डोळ्यांपेक्षा शहाणी असतात, त्यांच्या कामात डोळ्यांनी नाक खुपसू नये," असं आजोबा म्हणत.

लग्न होऊन ती खाणीच्या गावात आली तेव्हा तिला पहिले सहा महिने नुसता कोळशाचा राग होता. खिडकीच्या चौकटीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, उशीच्या अभ्र्यावर कोळसाच. काका खाणीच्या पूर्वेकडच्या बाजूला चाळीस माणसांच्या टोळीचे मुकादम होते. कामावरून आले की त्यांच्या पापण्यांच्या मुळाशी काळी रेघ राहायची, कितीही धुतलं तरी. बायका डोळ्यांत काजळ घालतात, आपल्या घरी उलटं आहे, असं ती चिडवायची.

मूलबाळ झालं नाही. दिवस मोठा वाटायचा. खाणीच्या प्रयोगशाळेत फरशी पुसायला आणि काचेची भांडी धुवायला बाई हवी होती, तिथे ती लागली. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती, पण पहिल्याच दिवसापासून सगळे तिला मावशी म्हणायला लागले. झाडू हातात असला की वय कोणी विचारत नाही, ती म्हणायची. सगळ्या गावाची मावशी झाली ती. सख्खी भाची मात्र मी एकटीच.

त्या प्रयोगशाळेत एका टोकाला कोळसा कुटायचं यंत्र होतं, दुसऱ्या टोकाला छोटी भट्टी. भट्टीत कोळसा जाळून किती राख उरते ते बघायचे. मधल्या टेबलावर काचेच्या पेटीत तराजू. आणि उत्तरेकडच्या खिडकीजवळ, हिरव्या कापडाखाली झाकलेला सूक्ष्मदर्शक. त्याला कोणी हात लावत नसे, कारण त्यातून काय बघायचं हेच कोणाला माहीत नव्हतं. मावशी रोज कापड झटकून परत घालायची.

मग नवे भूशास्त्रज्ञ आले. उंच, किडकिडीत, खिशात नेहमी दोन-चार दगड. गावाने आठवड्याच्या आत त्यांचं नाव दगडसाहेब ठेवलं. त्यांना कळलं, ते रागावले नाहीत. "दगडच आहेत की खिशात," म्हणाले.

त्याच सुमाराला खाणीवर एक बालंट आलं.

खाणीचा कोळसा जायचा लोखंडाच्या कारखान्यात. तिथे तो हवा न लागू देता भट्टीत भाजायचे. चांगला कोळसा भाजताना आधी मऊ होतो, फुगतो आणि मग घट्ट होऊन त्याची कडक ढेप बनते. त्या ढेपेला कोक म्हणतात, आणि लोखंड वितळवायला तोच लागतो. पण गेले काही महिने पूर्वेकडच्या बाजूचा कोळसा ढेपच धरत नव्हता. भट्टीतून नुसता भुगा निघायचा. कारखान्याने सरळ लिहून कळवलं की कोळसा भरणारे त्यात दगडमाती मिसळू देतात. खाणीच्या मोठ्या साहेबांनी फाटकाशेजारच्या फळ्यावर नोटीस लावली की पूर्वेकडची टोळी निष्काळजी आहे, सुधारली नाही तर टोळी मोडली जाईल.

काकांनी ती नोटीस वाचली आणि घरी येऊन जेवले नाहीत. मावशीने विचारलं तेव्हा म्हणाले, "चाळीस माणसं वाकून वाकून दगड वेचतात. एक खडा जाऊ देत नाहीत. आणि फळ्यावर काय लिहिलंय बघ जा."

"राख तर जास्त निघत नाही," मावशी म्हणाली. ती भांडी धुताना सगळं ऐकत असे. "दगड असता तर राख वाढली असती. आपले लोक तेच म्हणत होते."

"कारखान्याचे लोक म्हणतात, प्रयोगशाळा तुमची, तराजू तुमचा. आमचा विश्वास नाही."

दगडसाहेबांचाही दगडावर विश्वास नव्हता. दोष कोळशातच आहे, असं त्यांना वाटत होतं. कोळसा म्हणजे एके काळची झाडं, आणि सगळी झाडं सारखी नसतात, सगळ्यांचं पुढे सारखंच काही झालेलं नसतं. ते बघायचं तर कोळशाचा काप हवा. काचेच्या पट्टीवर चिकटवून घासत घासत इतका पातळ केलेला, की केसाच्या जाडीचे चार भाग केले तर त्यातला एक. तेवढा झाला की काळ्या कोळशातून उजेड जातो, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली आतलं दिसतं.

साहेब घासायला बसले. कोळसा तुटला. दुसरा घेतला, तो भुरभुरला. मावशी रोज संध्याकाळी केराच्या डब्यातून फुटक्या काचपट्ट्या उचलायची. एकोणीस झाल्या तेव्हा तिला राहवलं नाही.

"साहेब, एक बोलू?"

"बोला ना."

"तुमचं बोट चुकतंय. तुम्ही मधे दाबता. मधे दाबलं की कड आधी जाते."

साहेबांनी वर बघितलं. फरशी पुसणारी बाई बादली खाली ठेवून उभी होती. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर हसला असता. साहेब उठले आणि त्यांनी स्टूल तिच्याकडे सरकवलं.

तिने बादलीत हात धुतले, कोरडे केले आणि बाह्या वर करून बसली. नऊ वर्षांनी तिच्या बोटांखाली तवा फिरला. "मला वाटलं, मी माहेरी आले," ती सांगायची.

पण पहिला तुकडा तिचाही फुटला. दुसरा, तिसरा, पाचवा, सगळे फुटले. काच एकसंध असते, कोळसा तसा नसतो. त्यात थर असतात, बारीक भेगा असतात, आणि घासताना तो त्या भेगांतूनच सुटत जातो. साहेब म्हणाले, जाऊ द्या, तुमची कामं पडलीत. ती म्हणाली, फरशी कुठे पळून जाते?

फरशी पुसून झाली की ती दोन तास बसू लागली. आणि एका सकाळी, घरी तुटलेल्या कपाला डिंक लावत असताना, तिला सुचलं. चष्म्याची काच आपण डांबरात बसवायचो ती हलू नये म्हणून. कोळशाला नुसतं खालून धरून भागणार नाही, त्याला आतून धरायला हवं. तिने राळ वितळवून पातळ केली, त्या गरम राळेत कोळशाचा तुकडा बुडवून ठेवला आणि भेगाभेगांत राळ मुरू दिली. थंड झाल्यावर घासायला घेतला. तुकडा टिकला.

मग तीन आठवडे गेले. एक भुकटी संपवून दुसरीवर जायच्या आधी ती हात कोपरापर्यंत धुवायची, नखं ब्रशने घासायची. जाड भुकटीचा एक कण जरी मागे राहिला तरी शेवटच्या टप्प्यावर तो ओरखडा काढतो आणि आठ दिवसांचं काम वाया जातं. शेवटी शेवटी ती बोटाच्या टोकाने, श्वास रोखून, मोजके फेरे घ्यायची. मग काच खिडकीकडे धरून बघायची. काळा. परत दोन फेरे. काळा. परत दोन. कडेला तपकिरी झाला. परत दोन.

आणि मग लाल. पिकलेल्या डाळिंबाचा दाणा उन्हात धरावा तसा लाल.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ती तो काप घेऊन साहेबांना दाखवायला धावली, दाराच्या कडीवर हात आपटला आणि काच फरशीवर पडली. शंभर तुकडे झाले. साहेब आवाज ऐकून आले तेव्हा ती खाली बसून तुकडे गोळा करत होती.

"झाला होता," ती म्हणाली. "लाल झाला होता, साहेब."

साहेबांनी एकच विचारलं, "सगळीकडे सारखा लाल?"

"नाही. मधे पिवळे ठिपके होते. आणि दोन पट्टे काळेच राहिले, कितीही घासलं तरी."

साहेब तिच्याशेजारी खाली बसले आणि तुकडे गोळा करू लागले. जे तिने सांगितलं ते कोणाला बनवून सांगता येण्यासारखं नव्हतं, हे त्यांना कळलं होतं. "मग परत होईल," ते म्हणाले.

नवव्या दिवशी परत झाला. या वेळी ती जागची हलली नाही, साहेबांनाच हाक मारली. हिरवं कापड निघालं, काप सूक्ष्मदर्शकाखाली गेला. साहेबांनी बराच वेळ बघितलं आणि मग बाजूला होऊन म्हणाले, "आता तुम्ही बघा."

ती म्हणायची, आधी नुसता उजेड दिसला. मग डोळा स्थिरावला. लाल पट्ट्यांवर पट्टे, एकावर एक नीट दाबून बसलेले, आणि त्यांच्यामध्ये चपट्या झालेल्या पिवळ्या कड्या, हजारो.

"हे लाल आहे ते लाकूड," साहेब सांगत होते. "झाडं पडली ती दलदलीत. साचलेलं पाणी, हवा नाही. हवा नसली की कुजणं अर्धवट राहतं. लाकूड मऊ झालं, लगद्यासारखं, पण नाहीसं झालं नाही. त्यावर आणखी झाडं पडली, मग वाळू आली, गाळ आला. सगळं खाली खाली गेलं. वरून ओझं, खालून उष्णता. पाणी निघून गेलं, वायू निघून गेले. दहा हात जाडीचा थर दबून जेमतेम हातभर उरला, तो कोळसा. पंचवीस-तीस कोटी वर्षं झाली त्याला."

"आणि पिवळ्या कड्या?"

"त्या झाडांना फुलं नव्हती. ती बारीक पूड उडवायची, त्या पुडीतून नवं झाड यायचं. तिचा हा एकेक कण."

मावशीने पुन्हा डोळा लावला. आपण नऊ वर्षं उशीच्या अभ्र्यावरून झटकतोय ते हे, असं तिच्या मनात आलं.

त्या संध्याकाळी ती काकांना म्हणाली, "अहो, तुम्ही रोज जंगलात जाता कामाला."

"जंगलात?" काका म्हणाले. "इतक्या वर्षांत एखादं फळ तरी हाताला लागलं असतं."

आता उरले होते ते काळे पट्टे. पश्चिमेकडच्या कोळशात ते क्वचित दिसत, पूर्वेकडच्या कोळशात जागोजागी. साहेब त्यावर विचार करत असताना मावशी सहज म्हणाली, "पूर्वेकडच्या कोळशाची भांडी मला दोनदा धुवावी लागतात. बाकीचा कोळसा चकचकीत असतो, हाताला लागत नाही. हा बोटांना लागतो. चुलीतल्या विझलेल्या कोळशासारखा."

 साहेबांनी खिशातला एक तुकडा काढून स्वतःच्या तळहातावर घासला. काळी रेघ उमटली.

"चुलीतलाच आहे," ते हळू म्हणाले. "जळलेलं लाकूड आहे हे, मावशी. ती दलदल कधीतरी सुकली असणार, आणि तिला आग लागली असणार. त्या काळातला वणवा. एकदा जळून गेलेलं लाकूड भट्टीत परत मऊ कसं होईल? म्हणून ढेप धरत नाही."

कारण सापडलं होतं, पण ते मानायला कारखान्याचे लोक तयार नव्हते. त्यांच्याकडून एक तज्ज्ञ आले, पोक्त, चष्मा लावलेले, भट्ट्यांवर आयुष्य काढलेले. त्यांनी काप बघितले, काळे पट्टे बघितले आणि मोठ्या साहेबांसमोर म्हणाले, "ही कुरुंदाची भुकटी आहे. घासताना आत रुतलेली. किंवा दगडाचा चुरा. काप कोणी केले?"

दगडसाहेबांनी मावशीकडे हात केला. ती दाराशी उभी होती.

तज्ज्ञांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या हातातल्या फडक्याकडे बघितलं आणि बोलणं मोठ्या साहेबांकडे वळवलं. "यापुढे काही बोलायची गरज आहे का?"

मावशी म्हणाली, "आहे. तुमचा तुकडा द्या. तुमच्यासमोर करते."

मोठे साहेब गोंधळले.  पण तज्ज्ञ माणूस सरळ होता. त्यांनी बॅगेतून मोहोर लावलेला डबा काढला, कारखान्याने नाकारलेल्या कोळशातला. त्यातून एक तुकडा स्वतः निवडला आणि तिच्यासमोर ठेवला.

तिने तो फिरवून बघितला. "मधे तडकलाय. घेते, पण आधी तासभर राळेत ठेवावा लागेल."

"ठेवा. मी बसतो."

सकाळचे नऊ वाजले होते. राळ मुरेपर्यंत मावशीने एक काम केलं, जे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने आपल्या डब्यांतल्या चारही भुकट्यांची चिमूट चिमूट काचपट्ट्यांवर ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाकडे बोट केलं. "आधी ही बघून घ्या. म्हणजे कापात दिसली तर ओळखता येईल."

तज्ज्ञांनी चारही पट्ट्या बघितल्या. कण टोकदार होते, फुटक्या काचेच्या चुऱ्यासारखे. त्यांनी आपल्या वहीत त्यांची चित्रं काढली.

मग ती घासायला बसली. एव्हाना तिचा हात बसला होता, आधी आठ दिवस खाणारं काम आता काही तासांत व्हायचं. तज्ज्ञ शेजारी स्टुलावर, दोन हातांवर. चहा आला, त्यांनी घेतला नाही. मग तिनेही घेतला नाही. ती एका भुकटीवरून दुसरीवर गेली की हात धुवायला उठायची, आणि ते नळापर्यंत तिच्या मागे जायचे. ती नखं घासत असताना ते बघत उभे राहायचे. अकरा वाजले, बारा वाजले. कुटायचं यंत्र बंद ठेवलं होतं. खोलीत नुसता तव्याचा आवाज. एकदा तिने थांबून भुकटी घातली तेव्हा ते म्हणाले, "अजून ओली दिसतेय की."

"दिसतेय," ती म्हणाली. "पण आवाज कोरडा झालाय."

त्यांनी कान दिला आणि मान हलवली. त्यानंतर ते तिच्या मागे नळापर्यंत गेले नाहीत.

दोनला दहा मिनिटं कमी असताना तिने काप खिडकीकडे धरला. लाल, पिवळं, आणि मधून जाड काळे पट्टे. तिने तो पुसला आणि त्यांच्या हातात दिला. दार तिने आधीच उघडं ठेवलं होतं, तरी ती जागची हललीच नाही.

तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाशी बसले. चष्मा काढला, पुन्हा बसले. काळ्या पट्ट्याच्या कडेला, जिथे काप सर्वांत पातळ झाला होता, तिथे त्यांनी नजर नेली. मोठे साहेब मागे उभे राहून पाय बदलत होते. 

"भिंती आहेत," ते शेवटी म्हणाले. "लाकडाच्या पेशींच्या भिंती. एकीला एक लागून खोल्या, सगळ्या रिकाम्या. जळालेल्या लाकडातच अशा राहतात." ते मोठ्या साहेबांकडे वळले. "दगडाला खोल्या नसतात. आणि भुकटीचा एकही कण नाही."

मग ते उठले आणि मावशीसमोर येऊन उभे राहिले. "बाई, किती वर्षं करताय हे काम?"

"तीन महिने."

"त्याआधी?"

"त्याआधी फरशी पुसायचे. अजूनही पुसते. सकाळी तुम्ही आलात तेव्हा ओली होती ती मीच पुसलेली."

ते ओशाळले. "माझ्या बुटांचे डाग पडले असतील."

"पडलेत," मावशी म्हणाली. "पुसेन."

कारखान्याने आपली तक्रार मागे घेतली. तसं पत्र आलं, त्यात दगडमातीचा दोष नव्हता असं स्पष्ट लिहिलं होतं. पूर्वेकडचा एक भाग कोळसा आणि पश्चिमेकडचे तीन भाग एकत्र करून पाठवायचं ठरलं, आणि कोक पुन्हा कडक ढेप धरू लागला. मोठ्या साहेबांनी फळ्यावरची जुनी नोटीस काढली. काकांच्या टोळीचं म्हणणं पडलं की नुसती काढून भागणार नाही, लावताना सगळ्यांनी वाचली होती. तेव्हा मोठ्या साहेबांनी दुसरी लावली आणि तिच्यात टोळीची माफी मागितली. ती नोटीस पावसाने धुऊन जाईपर्यंत कोणी काढली नाही.

मावशीला तंत्रज्ञाची नेमणूक मिळाली. फरशी पुसायला दुसरी बाई आली. तिला पहिल्याच दिवशी मावशीने तिचं नाव विचारलं आणि सगळ्यांना तेच घ्यायला लावलं. पुढच्या सत्तावीस वर्षांत मावशीने अकरा हजारांवर काप केले. प्रत्येकावर बारीक अक्षरात थराचा क्रमांक. दूरदूरच्या प्रयोगशाळांतून माणसं तिच्याकडे शिकायला यायची, पदव्या घेतलेली. ती त्यांना आधी आठ दिवस नुसते हात धुवायला शिकवायची. दोघेजण चिडून परत गेले. बाकीचे राहिले, आणि त्यांतले काही आज मोठ्या जागांवर आहेत. तिच्या निवृत्तीच्या समारंभात त्यांच्यापैकी एकीने सांगितलं की मावशीने शिकवल्यामुळे ती स्वतः अजूनही भुकटी कानाने ओळखते, तेव्हा माझी आई पहिल्या रांगेत बसून सगळ्यांकडे वळून वळून बघत होती, ऐकलंत ना, अशा चेहऱ्याने.

एक गोष्ट सांगायची राहिली. मावशी ती स्वतःहून कधी सांगत नाही. मला काकांच्या टोळीतल्या एका म्हाताऱ्या गड्याने सांगितली.

माफीची नोटीस लागली त्याच आठवड्यात टोळीने दगडसाहेबांकडे मागणी केली: आम्हाला बघायचंय. आम्ही काय खणतो ते आम्हालाच बघायचंय. साहेबांनी होकार दिला. दुपारची पाळी सुटली आणि चाळीसच्या चाळीस माणसं प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. सगळ्यांनी अंघोळी केल्या होत्या. पापण्यांची काळी रेघ तेवढी तशीच. आत काही बिघडेल म्हणून कोणी पुढे होईना. मावशीने दारात येऊन सांगितलं, "एकेक जण या. हात लावायचा नाही, डोळा लावायचा. आणि बघताना श्वास रोखू नका, चक्कर येते."

एकेक जण येऊ लागला. ती शेजारी उभी राहून प्रत्येकाला सांगत होती: हे लाकूड, ही झाडांची पूड, हा वणवा. चाळीस वेळा सांगितलं, कुठेही कंटाळा नाही. एकाने विचारलं, या झाडांवर पाखरं असायची का? तिने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, पाखरं तेव्हा जन्मालाच आली नव्हती. तो माणूस विचारात पडला. "पाखरांशिवाय जंगल," म्हणाला, "म्हणजे फार शांत असणार." एकजण डोळा लावून इतका वेळ उभा राहिला की मागच्यांनी त्याला खांद्याने ढकललं. तो म्हणाला, अरे थांबा, वीस वर्षं खणतोय, दोन मिनिटं बघू तरी द्या.

काका मुकादम म्हणून सगळ्यांत शेवटी होते. बायकोच्या कामाचं त्यांनी तोवर कधी तोंडभरून कौतुक केलं नव्हतं. त्यांचा तो स्वभावच नव्हता. ते वाकले, डोळा लावला. मावशीने इतरांना सांगितलं तेच त्यांनाही सांगितलं, त्याच शब्दांत.  बघून झालं, सरळ उभे राहिले, तिच्याकडे एकदा बघितलं आणि बाहेर गेले.

बाहेर त्यांची टोळी अजून घोळका करून बोलत उभी होती. काही जणांना अजून एकदा बघायचं होतं, म्हणून पुन्हा रांग लागली होती. म्हाताऱ्या गड्याने मला सांगितलं, मुकादम आमच्यातून चालत गेले आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहिले.